कड्याकांठची वाट आणि आमचें भ्रमणवाङ्मय

पाऊस ओसरून भाताच्या खाचरांवर पिवळी झांक येऊं लागली म्हणजे पुण्यामुंबईच्या तरुणांचे जथे पाठीवर पिशव्या बांधून जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला पायीं हिंडावयास निघतात. पुढें वर्षभर त्या हिंडण्याचे वृत्तान्त छापून येत राहतात. ते दिवाळी अंकांत असतात, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत असतात, आणि एखाद्या उत्साही लेखकाचे दहाबारा लेख जमले कीं त्यांचें पुस्तकहि निघतें. कविता, कादंबरी, नाटक यांच्या गुणदोषांविषयीं आमच्यांत हिरिरीनें वाद होतात. भ्रमणवृत्ताची मात्र 'माहितीपूर्ण' आणि 'रंजक' या दोन शब्दांवर बोळवण केली जाते. हा त्या वाङ्मयप्रकारावर अन्याय आहे. ज्याच्याकडून कोणी कांहीं मागत नाहीं, त्याला आपणांत काय उणें आहे हेंहि कळत नाहीं. म्हणून या लेखांत आम्हीं थोडें मागावयाचें योजिलें आहे.

परीक्षेसाठीं प्रदेश एकच घेतला आहे, आणि तो मुद्दाम. भूमि डोळ्यांपुढें असल्यावांचून तिच्याविषयींच्या लेखनाची पारख होत नाहीं. नाणेघाटाच्या माथ्यापासून दक्षिणेकडे निघावें, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपें असे टप्पे घेत तीन-चार दिवसांत भीमाशंकरास पोहोंचावें, हा या दोन तालुक्यांतील सर्वांत रम्य पायीं प्रवास होय. चालणाऱ्याच्या उजव्या हाताला सह्याद्रीचा कडा असतो. दोन हजार फुटांहून अधिक खोल कोंकण पसरलेलें असतें. डाव्या हाताला कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचीं उगमखोरीं एकामागून एक उलगडत जातात, आणि शेवटीं भीमेचा उगम येतो. ढाकोब्याचा माथा चार हजार फुटांच्या वर आहे. पावसाळ्यांत तळकोंकण ढगांनीं भरून गेलें म्हणजे कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसास आपण समुद्रकिनारीं उभे आहों असाच भास होतो.

हा भास आम्हांस इंग्रजी वाचनामुळें अधिकच जाणवतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यानें, केरी, क्लेअर, गॉल्वे या परगण्यांतून, आठ-आठ दिवस पायीं चालण्याची प्रथा आहे. तेथेंहि एका बाजूला तुटलेला कडा, त्याखालीं अटलांटिक महासागर. दुसऱ्या बाजूला दगडी बांधांची लहान शेतें, गरीब वस्त्या, आणि परकीय सत्तेनें व दुष्काळानें पोळलेली प्रजा. त्या किनाऱ्यावर आणि आमच्या कड्यावर निसर्गानें एकच रचना केली आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु त्या किनाऱ्याचें वाङ्मय आणि या कड्याचें वाङ्मय शेजारीं शेजारीं ठेवलें कीं अंतर दिसूं लागतें. तें अंतर कशाचें, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आमच्या वाटेवरील लेखन आयर्लंडपेक्षां जुनें आहे. नाणेघाटांतील लेणें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतलें मानलें जातें. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा तेथील ब्राह्मी लेख म्हणजे दानांची यादी आहे. यज्ञप्रसंगीं किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, तें तेथें आंकड्यांनिशीं कोरलें आहे. भारतांतील अंकलेखनाच्या अगदीं जुन्या नमुन्यांत त्या आंकड्यांची गणना होते. राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति तेथें होत्या. त्यांचीं नांवें राहिलीं, मूर्ति गेल्या. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून जुन्नरास आणि पुढें पैठणास जाणारा माल या घाटानें चढे, आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता असें लोक अद्याप सांगतात.

जुन्नरच्या डोंगरांतील दोनशेंहून अधिक लेण्यांत असेच दानलेख आहेत, आणि त्यांतील तीन यवनांचे आहेत. त्यांपैकीं इरिल नांवाच्या यवनानें शिवनेरीवरील लेण्यांत पाण्याचीं दोन टाकीं खोदवून दिलीं. हा माणूस दूरदेशाहून आला. त्यानें येथील डोंगर पाहिले, आणि पाहून झाल्यावर काय लिहून ठेवलें, तर पाणी दिल्याची एक ओळ. वर्णन नाहीं, उद्गार नाहीं. तथापि ती ओळ वाचणाऱ्यास हें कळतें कीं येथें वस्ती होती, येणेंजाणें होतें, येणाऱ्यास तहान लागत होती, आणि ती कोणीतरी ओळखली होती. इतकें ज्ञान आजच्या दहा पानांच्या वृत्तान्तांतून मिळेलच असें आम्हांस खात्रीनें सांगवत नाहीं.

पुढें सतराव्या शतकांत जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य जुन्नरच्या मोंगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून वर चढला. जातांना तो एका फारच अवघड घाटानें गेला आणि परततांना नाणेघाटानें उतरला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. फ्रायरची नजर चौकस आहे, जिभेला धार आहे, आणि त्या काळच्या जुन्नरचें जें चित्र तो देतो तें इतिहासाच्या अभ्यासकांस मोलाचें आहे. परंतु वाटेंतील माणसें त्याच्या लेखीं नवलाच्या वस्तु आहेत. तो त्यांच्याकडे पाहतो. त्यांच्याकडून ऐकत नाहीं. परका, घाईंत असलेला आणि भाषा न जाणणारा मनुष्य याहून अधिक काय करणार, असें म्हणून आपण त्याला क्षमा करूं. प्रश्न असा आहे कीं, ज्यांना ही भाषा जन्मानें आली ते आमचे लेखक फ्रायरच्या पुढें किती गेले?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना १९०७ हें साल आम्हांस फार उपयोगी वाटतें. त्या एका वर्षीं पायीं हिंडण्याचीं दोन पुस्तकें दोन देशांत प्रसिद्ध झालीं. पुण्यास चिंतामण विनायक वैद्य यांनीं वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' छापला. आणि जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराचें अॅरन बेटांवरील पुस्तक त्याच वर्षीं निघालें. गोडसे भटजी १८५७ सालीं उत्तरेस गेले ते दक्षिणा मिळवावी, डोईवरचें कर्ज फेडावें म्हणून. हवापालट किंवा सृष्टिसौंदर्य हे शब्द त्यांच्या गांवींहि नव्हते. बंडाच्या वणव्यांतून ते वांचले आणि गंगेची कावड घेऊन घरीं परतले. त्यांच्या पुस्तकांत वाट माणसांनीं गजबजलेली आहे, कारण त्यांना माणसांची गरज होती. कोण अन्न देईल, कोण लुटील, कोणत्या गांवीं ओळखीचा ब्राह्मण आहे, कोणत्या पारावर पाठ टेकतां येईल, हें जाणल्यावांचून पुढचें पाऊल टाकतां येत नव्हतें. मराठींत पायीं प्रवासाचें याहून सरस गद्य आम्हांस ठाऊक नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, गरज होती म्हणून भटजींना माणसें दिसलीं. सुटीला जाणाऱ्या सुखवस्तु माणसास तीं कशीं दिसावींत? या आक्षेपास सिंगचें पुस्तक हेंच उत्तर आहे. सिंगला कसलीहि ददात नव्हती. डब्लिनच्या सुशिक्षित कुटुंबांतला हा तरुण पॅरिसमध्यें वाङ्मयाच्या नादांत होता. कवि येट्स यानें त्याला अॅरन बेटांकडे जावयास सुचविलें, आणि १८९८ पासून १९०२ पर्यंत वर्षांतून कांहीं आठवडे तो तेथें जाऊन राहिला. म्हणजे हीहि एका अर्थीं सुटीच. पण त्यानें प्रथम तेथील लोकांची आयरिश भाषा शिकावयास घेतली. कॅनव्हासच्या होडक्यांतून तो त्यांच्याबरोबर समुद्रांत गेला. चुलीपाशीं बसून म्हाताऱ्यांच्या कहाण्या त्यानें उतरून घेतल्या. मृताच्या घरचा आक्रोश ऐकला. त्या ऐकण्यांतूनच त्याचीं नाटकें जन्मलीं. सिंगमध्येंहि दोष आहे. गरिबीला तो कधीं कधीं काव्याची झूल घालतो. तथापि त्याच्या पुस्तकांत बेटावरचीं माणसें बोलतात, आणि तो पुष्कळ वेळ गप्प असतो. चालण्याचें निमित्त कोणतें, यापेक्षां चालणारा कितपत ऐकतो यावर भ्रमणवृत्ताची योग्यता ठरते, असा निष्कर्ष या दोन पुस्तकांवरून आम्ही काढतों.

आतां आमच्या घरच्या परंपरेकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं चिंतामण गंगाधर गोगटे यांनीं महाराष्ट्र देशांतील किल्ल्यांची माहिती ग्रंथरूपानें एकत्र केली, आणि किल्ला ही पाहण्याची व लिहिण्याची वस्तु आहे ही जाणीव मराठी वाचकांत रुजविली. पुढें गोपाळ नीळकंठ दांडेकर यांनीं ती जाणीव भक्तीच्या पदवीस नेली. त्यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'नें किती तरुणांना घराबाहेर काढलें याची गणतीच नाहीं. हें ऋण लहान नव्हे. जिनें गड पाहिला नाहीं अशी मध्यमवर्गीय पिढी या ग्रंथांमुळें गडावर गेली, आणि इतिहास तिच्या पायाखालीं आला.

परंतु दांडेकरांच्या अनुयायांनीं त्यांचें अर्धेंच घेतलें. दांडेकर गड चढतांना गहिंवरतात हें सर्वांस दिसलें. ते गडाच्या पायथ्याशीं बसून ऐकत असत हें थोड्यांच्याच ध्यानांत आलें. राजमाचीच्या परिसरांतून 'माचीवरला बुधा' निघाला, पवनेच्या खोऱ्यांतून 'पवनाकाठचा धोंडी' निघाला, ठाकरांच्या जीवनांतून 'जैत रे जैत' निघाली. बुधाच्या तोंडची बोली पुण्याच्या घरांत बसून सुचत नाहीं. अनुयायांनीं मुजरा उचलला, उद्गारचिन्हें उचललीं. कान मात्र तेथेंच राहिला.

त्याचे परिणाम जुन्नर-आंबेगांवच्या लेखनांत स्पष्ट दिसतात. पहिला दोष घड्याळाचा. अमुक वाजतां घाटघर सोडलें, अमुक वाजतां खिंडींत आलों, इतक्या मिनिटांत माथा गांठला, असा हिशेब पानोपानीं चालतो. खिशांतला फोन उपग्रहाच्या साह्यानें पावलांची नोंद ठेवूं लागल्यापासून या हिशेबाला अचूकपणाहि आला आहे. पुढच्या चालणाऱ्यास तो उपयोगी पडतो, हें खरें. पण वेळापत्रकास कोणी वाङ्मय म्हणत नाहीं. ज्या घाटानें दोन हजार वर्षें बैलांचे तांडे चढले, त्याविषयीं आम्हांस एवढेंच कळावें कीं अमक्या गृहस्थांस तो चढावयास दीड तास लागला?

दुसरा दोष एकाच काळाचा. या कड्यावरील प्रत्येक दगडाला सतराव्या शतकाचा टिळा लावल्याखेरीज आमच्या लेखकाचें समाधान होत नाहीं. शिवनेरीवर १६३० सालीं श्रीशिवछत्रपति जन्मले. त्या स्थळीं कोणाहि मराठी माणसाचा कंठ दाटून येईल. परंतु त्याच शिवनेरीच्या पोटांत इरिलाचें दान आहे, आणि त्याच शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोंगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तेथें कत्तल झाली अशी परंपरा सांगतात. चौथरा गडावरच आहे, वाटेंतच आहे. तरी बहुतेक वृत्तान्तांत त्याला एक ओळहि मिळत नाहीं. ज्या लोकांच्या खळ्यांत आमचे लेखक मुक्काम करतात, त्यांच्याच पूर्वजांची ही कथा आहे. गडाच्या इतिहासांत त्यांना जागा नाहीं आणि वाटेच्या वर्णनांतहि नाहीं, तर मग ती कोठें आहे?

तिसरा दोष आम्हांस सर्वांत अधिक बोंचतो, आणि तो शिष्टपणाच्या वेषांत येतो. संध्याकाळ होते, चालणारे थकतात, एका वाडींत कोणी 'मामा' त्यांना ओसरी देतात. 'मावशी' पिठलेंभाकरी करून वाढतात. लेखक त्या 'भोळ्याभाबड्या आतिथ्या'नें भारावून जातो आणि परिच्छेद संपतो. मामांना नांव नाहीं, मावशींना तोंड नाहीं. भाकरी नाचणीची होती कीं विकतच्या बाजरीची, हेंहि नाहीं. या कड्यावर पाऊस धोधो कोसळतो, आणि उन्हाळ्यांत त्याच वाड्यांतील बाया डोईवर हंडे घेऊन पाण्यासाठीं डोंगर उतरतात. तेव्हां पाहुण्यांच्या हातपाय धुण्याला जें पाणी लागलें तें कोणाच्या मानेवरून आलें, हें विचारण्याचें कोणाला सुचत नाहीं. ज्या झाडाखालीं हे लोक दुपारीं आडवे होतात तें पुष्कळदां हिरड्याचें असतें. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकणें हें येथील महादेव कोळी कुटुंबांच्या रोख पैशाचें एक मुख्य साधन आहे. आमच्या लेखकास तें झाड म्हणजे 'गर्द सांवली'. घरधन्याला जें पीक आहे तें पाहुण्याला नुसतें दृश्य असावें, यांत पाप नाहीं. पण लेखकानें पाहुण्याच्या पुढें एक पाऊल टाकावें अशी अपेक्षा करणें गैर नव्हे.

चौथा दोष नांवांचा. डोंगरांत राहणाऱ्या माणसाच्या भाषेंत उतरणीच्या प्रत्येक प्रकाराला शब्द आहे. नाळ वेगळी, सोंड वेगळी, दांड वेगळा; खिंड, पदर, माची, निसणी यांच्यांत घोंटाळा झाला तर जीव जातो. कर्जतकडून भीमाशंकरास येणाऱ्या यात्रेकरूंच्या दोन वाटांना गणेश घाट आणि शिडी घाट म्हणतात. त्यांतील दुसरी कशी असेल हें नांवावरूनच कळतें. असें प्रत्येक वळणाला, झऱ्याला, गोट्याला नांव असतें, आणि तें कशावरून पडलें याची गोष्ट असते. आमचे लेखक मात्र 'एक अवघड टप्पा', 'एक सुंदर पठार', 'एक लहानसा ओढा' एवढ्यावर काम भागवितात. ज्या भाषेंत पन्नास शब्द तयार आहेत तींत लिहितांना पांच शब्दांवर निभावणें हें दारिद्र्य हौसेनें पत्करलेलें आहे.

येथें पुन्हा आयर्लंडकडे पाहिलें पाहिजे. टिम रॉबिन्सन हा यॉर्कशायरचा इंग्रज १९७२ सालीं अॅरन बेटावर राहावयास गेला. ब्रिटिश मोजणीखात्याच्या नकाशांत आयरिश नांवांची इंग्रजी कानांनीं मोडतोड झालेली त्यास आढळली. तो घरोघर आणि बांधोबांध हिंडला, म्हाताऱ्यांना विचारून नांवें गोळा केलीं, आणि १९७५ सालीं त्या बेटांचा स्वतःचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढें १९८६ सालीं त्यानें एका बेटाच्या कांठाकांठानें केलेल्या प्रदक्षिणेवर संबंध ग्रंथ लिहिला. किनाऱ्याचा एकेक खांचा, त्याचें नांव, त्या नांवामागची बुडालेली होडी किंवा हरवलेली मेंढी, असें तें पुस्तक चालतें. आणि विस्मयाची गोष्ट ही कीं तें कोठेंहि रुक्ष होत नाहीं. परक्या जातीच्या, परक्या भाषेच्या माणसानें हें केलें. आमच्या लेखकास तर दुभाष्याचीहि गरज नाहीं.

या सर्व चर्चेंत नुसत्या वाङ्मयीन शोभेचा प्रश्न असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. पण या कड्याच्या पायथ्याशीं जें घडलें आहे त्यामुळें प्रश्नाला वेगळें वजन येतें. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव पडलें तें आंबेगांव आज डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं आहे. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगांवीं आहेत. म्हणजे तालुका ज्याच्या नांवानें ओळखला जातो तें गांवच नकाशावर पाणी आहे. कड्यावरून पूर्वेकडे पाहतांना तें निळें पाणी फार सुंदर दिसतें, आणि तें तसें दिसतें हें आमच्या लेखकांनीं अनेकवार लिहिलें आहे. त्या पाण्याखालीं कोणतीं घरें, कोणतीं शेतें, कोणती बाजाराची वाट गेली, हें लिहिलेलें आमच्या वाचनांत फार थोडें आलें. त्या पाण्यानें खालच्या अंगाचीं शेतें भिजलीं, हेंहि खरें आहे आणि तेंहि लिहिलें पाहिजे. पण सौंदर्याच्या एका वाक्यानें दोन्ही गोष्टी झांकून टाकणें ही आळसाची खूण आहे.

दुसरी गोष्ट याहून दारुण आहे. ३० जुलै १९१४ नव्हे, अगदीं आपल्या देखत, ३० जुलै २०१४ रोजीं पहांटे आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. गांव जागेवर नाहीं ही गोष्ट बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती त्या रस्त्यानें आलेल्या एस. टी.च्या चालकामुळें. त्या घटनेचा विचार करतांना आमच्या मनांत हेंच राहून राहून येतें कीं, जो रोज त्या वाटेनें जात होता त्यालाच तेथें काय नाहींसें झालें हें दिसलें. प्रथमच जाणाऱ्या प्रवाशाला तेथें पावसाळ्यांतला एक ओला डोंगर आणि चिखलाचा एक ओघ दिसला असता. गांव होतें हें ठाऊक असल्यावांचून गांव गेलें हें कळत नाहीं. भ्रमणवृत्ताचें खरें काम हेंच आहे. तें आज काय आहे याची अशी नोंद ठेवतें कीं उद्यां तें नसलें तर त्याची उणीव कोणाला तरी जाणवेल.

यावर एक आक्षेप येणार हें आम्ही जाणतों. वर्षभर कचेरींत मान मोडून काम करणारा मनुष्य चार दिवस मोकळ्या हवेंत जातो; त्याच्या पाठीवर आधींच शिधा आहे, त्यावर आणखी लोकजीवन, भाषा आणि धरणग्रस्त यांचें ओझें कशाला? त्याला सुखानें चालूं द्या. आक्षेप प्रामाणिक आहे, आणि चालणाऱ्याला तो सर्वस्वीं लागू आहे. चालण्याला आमची हरकत नाहीं. तें जितकें होईल तितकें बरें. पण जो चालून आल्यावर लेखणी उचलतो आणि वाचकाचा अर्धा तास मागतो, त्यानें वाचकाला स्वतःच्या थकव्याहून अधिक कांहीं दिलें पाहिजे. शिवाय आनंद आणि जाणणें यांत वैर आहे ही समजूतच चुकीची आहे. स्टीव्हन्सननें १८७८ सालीं फ्रान्समधील सेव्हेन डोंगरांत एक गाढवी घेऊन बारा दिवस पायपीट केली आणि पुढच्याच वर्षीं त्यावर पुस्तक लिहिलें. त्याहून खेळकर पुस्तक क्वचित् सांपडेल. तरी त्या डोंगरांतील प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांनीं दीडपावणेदोनशें वर्षांपूर्वीं राजाशीं दिलेल्या झुंजीची आठवण गांवोगांव कशी जिवंत आहे, हें त्यांत आलें आहे. गाढवीच्या हट्टानें आपण हंसतों, आणि हंसतां हंसतां एका प्रजेचें मन ओळखूं लागतों.

तेव्हां आमचें मागणें थोडकें आहे. जुन्नर-आंबेगांवच्या कड्यावर जो कोणी लिहील त्यानें तीन गोष्टी सांगाव्यात. ही वाट कोणी व कशासाठीं पाडली आणि आज तिनें कोण जातें. वाटेंतल्या जागांना तेथील माणसें काय म्हणतात. आणि आपण त्यांच्याकडून काय घेतलें व त्यांना काय दिलें. पहिलीनें इतिहास येईल, आणि तो एकाच शतकाचा राहणार नाहीं. दुसरीनें भाषा येईल. तिसरीनें लेखक स्वतः खऱ्या प्रमाणांत येईल. पुढारी म्हणून किंवा पराक्रमी म्हणून येणार नाहीं, पाहुणा म्हणून येईल. संपादकांनींहि चढाईच्या वेळा छापण्यापूर्वीं या तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखांत आहेत काय, एवढें पाहावें. सृष्टिवर्णनाला यामुळें बाध येईल अशी भीति नको. आहुप्याच्या कड्यावरून दिसणारा सूर्यास्त नांवांनिशीं लिहिला म्हणून कमी लाल होत नाहीं.

आणि हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. घाटाच्या वाटांनीं कोंकणांतल्या बाजाराला जाणारी पिढी म्हातारी होत आहे. तिच्या नातवंडांना गाडीचा रस्ता आहे, आणि तो असावाच. ज्या वाटेनें कोणी जात नाहीं ती दोन पावसाळ्यांत कारवींत बुजते, आणि तिचीं नांवें तिच्यामागून जातात. आंबेगांव पाण्याखालीं गेलें, तरी त्या गांवाला जाणाऱ्या वाटा कोठून उतरत आणि बाजाराच्या दिवशीं त्यांवर कोण भेटे, हें सांगणारीं माणसें जलाशयाच्या कांठच्या वस्त्यांत अजून आहेत. त्यांच्या ओसरीवर बसून विचारावयाला आणि तें उतरून घ्यावयाला दिवाळीची सुटी पुरेशी आहे.